पैसा फंड ते चार टक्के

तळेगाव दाभाड्यात 1908 साली काचेचा कारखाना उभा राहिला. त्यामागे ना कुठल्या शेठजींचे भांडवल होते, ना साहेबाची कृपा. माणशी एक पैसा अशी वर्गणी काढून देशी उद्योग उभारायचा, ही अंताजी दामोदर काळे यांच्या डोक्यातली कल्पना. टिळकांनी ती उचलून धरली आणि गावोगावच्या डब्यांतून, उत्सवांतून, बाजारांतून पैसे जमू लागले. काचेचे शास्त्र शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली भट्टी पेटली. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या या सरंजामी गावात शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत पांगले.

पैसा फंडाने भट्टी दिली, नळ्या दिल्या, साचे दिले. त्या भट्टीपुढे दिवसभर फुंकर घालणाऱ्या माणसाचा हात भाजला, छाती भरली, तर त्याचे काय, हा प्रश्न मात्र त्या काळात कोणीच विचारत नव्हते. तो फंडाचा दोष नव्हता. कामगार आजारी पडला की रोज बुडायचा आणि चार दिवसांत जागेवर दुसरा माणूस यायचा. देशातल्या सगळ्या गिरण्यांत आणि कारखान्यांत हीच रीत होती. कामावर अपघात झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा व्हायला 1923 उजाडले. साध्या आजारपणासाठी त्यातही काही नव्हते.

पुढच्या तीस वर्षांत ही रीत बदलायला ज्यांनी हात घातला, त्यांत मराठी माणसांची संख्या लक्षात येण्याजोगी आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी बाळंतपणाच्या रजेचे विधेयक 1924 मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडले; ते फेटाळले गेले. मग आर. एस. आसवले यांनी तसेच विधेयक मुंबई विधिमंडळात आणले. 28 जुलै 1928 रोजी त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. या रजेचा भार काही प्रमाणात सरकारनेही उचलला पाहिजे, कारण आईचे आरोग्य हा साऱ्या समाजाच्या हिताचा प्रश्न आहे, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला तो पहिला. मजुरांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या शाही आयोगावर जोशी सभासद होते. 1931 च्या अहवालात या आयोगाने आजारपणाच्या विम्याची गरज सांगितली. अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला.

तो कपाटातून बाहेर यायला दुसरे महायुद्ध यावे लागले. गिरण्या आणि दारूगोळ्याचे कारखाने रात्रंदिवस चालू होते आणि कामगार आजारी पडणे सरकारला परवडत नव्हते. डिसेंबर 1942 मध्ये इंग्लंडात बेव्हरिजचा अहवाल आला आणि जन्मापासून मरणापर्यंतच्या सामाजिक सुरक्षेची भाषा साऱ्या साम्राज्यात ऐकू जाऊ लागली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा आंबेडकरांकडे होते. मार्च 1943 मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. अडारकर यांना औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायला सांगण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली साऱ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणारी समिती बसली.

एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन कामांची दिशा वेगळी होती. आज तळेगावपासून चाकणपर्यंत दवाखान्याच्या रांगेत जे दिसते, त्याचे मूळ त्या दोन दिशांत आहे.

भोर जन्माने नाशिकचे. शिक्षण पुण्याच्या बिशप्स हायस्कुलात आणि डेक्कन कॉलेजात, मग सनदी नोकरी. त्यांच्या समितीने 1946 मध्ये चार खंडांचा अहवाल दिला. त्यातले आकडे आजही वाचवत नाहीत. जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुष्य अवघे 27 वर्षांच्या आसपास. हजार जिवंत जन्मांमागे 162 बाळे वर्षाच्या आत दगावत. 6,300 लोकांमागे एक डॉक्टर आणि 43,000 लोकांमागे एक परिचारिका. डॉक्टरही बहुतेक शहरांत.

यावर समितीने सुचवलेला उपाय धाडसी होता. दीर्घ मुदतीच्या आराखड्यात 10 ते 20 हजार लोकवस्तीमागे 75 खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्यावर 650 खाटांचे दुय्यम आणि सगळ्यांच्या वर जिल्ह्याला 2,500 खाटांचे मोठे रुग्णालय अशी उतरंड होती. सुरुवात म्हणून 40 हजारांमागे एक आरोग्य केंद्र. सरकारी पगार घेणाऱ्या डॉक्टरला खासगी व्यवसायाची मुभा नाही. पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचाराविना राहावे लागू नये, हे तत्त्व. विम्याचा मार्ग समितीने विचारात घेतला आणि बाजूला ठेवला. देशातल्या बहुसंख्य लोकांना हप्ता भरण्याइतकी मिळकतच नाही. म्हणून सेवा सर्वांना सारखी आणि खर्च करांतून, असा तिचा हिशेब होता. या समितीवरही ना. म. जोशी होते.

अडारकरांचा हिशेब निराळा होता. त्यांना काम मिळाले होते ते फक्त कारखान्यातल्या कामगारांचे. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या तीन उद्योगसमूहांपासून सुरुवात करा, कामगार आणि मालक दोघांकडून सक्तीने वर्गणी घ्या, बदल्यात औषधपाणी आणि आजारपणात अर्धामुर्धा पगार द्या, असे त्यांनी ऑगस्ट 1944 च्या अहवालात मांडले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी तो तपासला आणि अपघाताची भरपाई व बाळंतपणाचा लाभही त्यातच घालायला सांगितले. पैसा फंडाच्या डब्यात पैसा टाकणाऱ्याला कारखाना बघायला मिळाला होता; इथे पैसा टाकणाऱ्यालाच तो पैसा अडचणीत परत मिळणार होता.

स्वतंत्र भारताने या दोहोंतली कोणती योजना आधी उचलली? अडारकरांची. 19 एप्रिल 1948 रोजी कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा संमत झाला. त्यानंतर तीनच महिन्यांत, 5 जुलैला, ब्रिटनमध्ये सर्वांसाठीची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आपल्याकडे 'सर्वांसाठी' हा शब्द भोर यांच्या अहवालात राहिला आणि कायद्यात आला तो 400 रुपयांपर्यंत मिळवणारा, वीस किंवा अधिक माणसांच्या, विजेवर चालणाऱ्या कारखान्यातला कामगार. फाळणी, निर्वासित, धान्याची टंचाई यांनी वेढलेल्या सरकारने जिथे पगाराच्या वहीतून वर्गणी कापता येते तिथून सुरुवात केली, हे समजण्यासारखे आहे. पण त्या दिवशी आखलेली वेतनाची रेघ पुढे कधीच पुसली गेली नाही, फक्त वर-वर सरकत राहिली.

योजनेचा नारळ 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते फुटला. त्याच दिवशी दिल्लीतही ती सुरू झाली. महाराष्ट्रात ती 1954 मध्ये आली, आधी नागपूरला, मग मुंबईला. मुंबईत एक वेगळी पद्धत रुजली. सरकारी दवाखाने काढत बसण्यापेक्षा गल्लीतल्या खासगी डॉक्टरांनाच योजनेत घ्यायचे आणि त्यांच्या यादीतल्या कामगारांच्या संख्येवर मोबदला द्यायचा. यातून 'पॅनेल डॉक्टर' ही संस्था जन्मली. गिरणगावात आणि पुढे पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात पॅनेल डॉक्टरकडून मिळणाऱ्या औषधापेक्षा त्याच्या सहीचा आजारपणाचा दाखला कामगाराला जास्त मोलाचा वाटे, कारण त्याच्यावरच रजेतला पैसा अवलंबून असे.

पुण्याचा हा पट्टा तेव्हा अजून शेतांचा होता. पिंपरीच्या माळावर 1954 मध्ये एक कारखाना उभा राहू लागला, त्याचा संबंध देशाच्या आरोग्याशी थेट होता. युनिसेफची यंत्रे, जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ आणि भारत सरकारचे भांडवल यांतून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. 1955 मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. सरकारी मालकीचा हा देशातला पहिला औषध कारखाना. परदेशी कंपन्यांच्या किमतीवर अवलंबून न राहता दवाखान्यांना औषध पुरवायचे, हा त्यामागचा विचार. पुढे इथेच एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. पिंपरीची औद्योगिक ओळख मोटारींच्या आधी औषधाने झाली, ही गोष्ट आज पिंपरीकरांच्याही फारशी लक्षात नसते. 2016 च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने याच कंपनीची जास्तीची जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला.

1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीची शेते एकामागून एक प्लॉट झाली. कामगारांच्या वसाहती वाढल्या, 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. चिंचवडच्या मोहननगरात विमा योजनेचे रुग्णालय आले. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय पट्ट्यातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक झाले. तळेगाव आणि चाकणला कारखान्यांची लाट पोचली ती बरीच नंतर.

तळेगावभोवतालच्या मावळाच्या वाट्याला मात्र दुसरी योजना आली. भोर समितीची, पण कात्री लावलेली. 2 ऑक्टोबर 1952 रोजी समूह विकास कार्यक्रम सुरू झाला आणि साधारण शंभर गावांच्या एका गटाला एक प्राथमिक आरोग्य केंद्र ठरले. चाळीस हजारांमागे एक, हा भोर यांचा किमान आकडाही मागे पडला. 75 खाटांचे रुग्णालय तर सोडाच. 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ही केंद्रे त्यांच्याकडे गेली. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तीन खोरी, मधे सह्याद्रीचे सुळके, पावसाळ्यात चार महिने सतत धार. टाकव्याच्या किंवा कार्ल्याच्या आरोग्य केंद्रात पोचण्यासाठी डोंगरातल्या वाड्यावस्त्यांना डोलीच करावी लागे. डोंगरी भागात 20 हजारांमागे आणि सपाटीवर 30 हजारांमागे एक केंद्र, हा नियम कागदावर बराच उशिरा आला.

कागदाबाहेर काही माणसे काम करत होती. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या निरक्षर बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी तसाच प्रयोग केला. सरकारी केंद्र आणि विश्वस्त रुग्णालय यांची सांगड घातली तर खेड्यातही सेवा देता येते, हे त्यांनी दाखवले. अल्मा आटा येथे 1978 मध्ये जगातल्या सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, तेव्हा जामखेड हे नाव जगभरच्या जाणकारांना ठाऊक होते. या प्रयोगांतून 'आशा' कार्यकर्तीची कल्पना 2005 मध्ये देशभर गेली. आज मावळातल्या वाडीवर पहिली जाऊन पोचते ती हीच आशाताई, आणि तिला पगार नाही, मानधन आहे.

तळेगावात मधली जागा भरून काढली ती विश्वस्त संस्थांनी. कोरडी हवा, लोहमार्गावरचे स्टेशन आणि मुंबई-पुण्याच्या मधले अंतर यांमुळे हवापालटाला येणाऱ्यांचे हे गाव. इथल्या जुन्या विश्वस्त रुग्णालयाच्या नावातच 'जनरल हॉस्पिटल अँड कॉन्व्हॅलेसंट होम' आहे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना 1983 मध्ये महाराष्ट्राने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले, आणि 1995 मध्ये तळेगावात 'मायमर' हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला जोडलेले रुग्णालय डॉ. भाऊसाहेब सरदेसाई यांच्या नावाने चालते. मावळातला रुग्ण इथे कमी खर्चात उपचार घेतो आणि त्याच्यावर डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकतात. ही देवघेव दोघांनाही सोयीची आहे. पण सरकारी व्यवस्थेने करायच्या कामाचा बोजा खासगी शिक्षणसंस्थेकडे सरकला, हेही तितकेच खरे.

तिसरी योजना आली 2 जुलै 2012 रोजी, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या रूपाने. आधी आठ जिल्हे, मग 2013 च्या नोव्हेंबरपासून पुण्यासह सारे राज्य. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतच्या, यादीत असलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचार. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. वेतनाच्या रेघेसोबत रेशनकार्डाच्या रंगाची रेघ आली. पिवळे-केशरी कार्ड असेल तर आत, पांढरे असेल तर बाहेर, असा तेव्हा नियम होता.

या रेघा तळेगाव परिसरातल्या एकाच घरातून जाऊ शकतात. थोरला मुलगा कंपनीत पर्मनंट. त्याचा पगार 21 हजारांच्या वर, म्हणून विमा योजनेच्या बाहेर, पण कंपनीचा मेडिक्लेम आहे. धाकटा चाकणला ठेकेदाराकडे. त्याच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते. 1 जुलै 2019 पासून ती पगाराच्या पाऊण टक्का आहे आणि मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, मिळून चार. पूर्वी हीच वर्गणी साडेसहा टक्के होती. आईवडील आंदर मावळात भातशेती करतात; त्यांना आरोग्य केंद्र आणि रेशनकार्ड. एका ताटात जेवणारी चार माणसे, आणि आजारी पडल्यावर चौघांच्या चिठ्ठ्या तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर.

विमा योजनेने कामगाराला जे दिले ते थोडे नाही. कामावर अपंगत्व आले तर वेतनाच्या 90 टक्के लाभ, मृत्यू झाल्यास कुटुंबाला निवृत्तिवेतन, 2017 पासून 26 आठवड्यांची प्रसूती रजा. 2010 च्या दुरुस्तीने घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही कामावरचाच धरला जातो. अवजड कंटेनरांच्या रांगांत दुचाकी घुसवत तळेगाव-चाकण रस्त्याने पहिल्या पाळीला जाणाऱ्या पोराला या एका कलमाची किंमत विचारावी. पण वेतनाची मर्यादा 1 जानेवारी 2017 रोजी 15 हजारांवरून 21 हजार झाली, तेव्हाही पेच जुनाच होता: पगारवाढ मिळाली की कामगार सुरक्षेतून बाहेर पडतो. नोकरी गेली तर दोन्ही जाते. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला आणि 2020 च्या डिसेंबरात बंद पडला, तेव्हा कोविडची साथ चालू होती.

त्याच साथीने एक गोष्ट दाखवून दिली. 2020 च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांवर दर बांधून दिले आणि फुले योजना कार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली केली. कार्डाच्या रंगाची जी रेघ पुसता येत नाही असे वाटत होते, ती एका शासन निर्णयाने पुसली गेली. 2023 मध्ये राज्याने ही योजना पाच लाखांपर्यंत आणि सर्व कुटुंबांसाठी करण्याचे ठरवले.

तरीही हा भोर समितीचा विजय म्हणता येणार नाही. यादीतली शस्त्रक्रिया मोफत झाली. पण मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, तापाचे पहिले औषध यांचा खर्च बहुतेकांच्या खिशातूनच जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 64 टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. 2021-22 मध्ये तो 39 टक्क्यांवर आला. याच काळात सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 1.15 टक्क्यावरून 1.84 टक्क्यापर्यंत गेला. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत अडीच टक्के गाठायचे ठरवले होते. सुधारणा झाली आहे, पण ती वरच्या मजल्यावर. भोर समितीने पाया म्हणून मागितलेला मजला, म्हणजे डॉक्टर, औषध आणि परिचारिका हजर असलेले जवळचे केंद्र, अजून अपुराच आहे.

पुणे जिल्ह्याला या बाबतीत एक चांगली सवय लागलेली आहे, ती सोडू नये. 2007 मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग राज्यातल्या ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत पुणे होते. औषधांचा साठा किती, डॉक्टर किती दिवस हजर, आशाताईंचे मानधन कधी मिळाले, हे प्रश्न जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर विचारले गेले आणि काही ठिकाणी उत्तरेही मिळाली. मावळातल्या ग्रामसभांनी आणि चाकण-तळेगावच्या कामगार संघटनांनी हे प्रश्न एकत्र विचारावेत. आजवर गावकरी आरोग्य केंद्रासाठी भांडले आणि कामगार ईएसआयसाठी. घर एकच असेल तर मागणीही एकच असली पाहिजे: रोजच्या आजारासाठी सगळ्यांना एकच जवळची खिडकी, आणि तिथे पगाराची स्लिप किंवा रेशनकार्ड मागितले जाऊ नये.